मागचं सील बदला म्हणतात, पण सील आहे कुठे?

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो:

"काका नमस्कार. आमच्याकडे १९७२ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क २ आहे, आजोबांनी घेतलेली. सात-आठ वर्षं शेडमध्ये पडून होती. यंदा हौसेने फुल इंजिन काम करून घेतलं, रिबोर, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, सगळी पॅकिंग नवी, ब्लॉक आणि वरची झाकणं ब्लास्ट करून हिरवा रंग. ६०० किलोमीटर झाले आणि ऑइल गळतंय. पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी ताटलीएवढा डाग, आई म्हणते गाडी विक नाहीतर फरशी बदल. मिस्त्री म्हणतात मागचं सील गेलंय. एकदा इंजिन उतरवून त्यांनी ते 'बदललं' पण, काही फरक नाही, आता परत उतरवू म्हणतात, १४ हजार मजुरी. शिवाय सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास येतो, आणि लांबून चालवून आलो की डिपस्टिक दोन बोटं वर आलेली असते, ती मी दाबून परत बसवतो. इंजिन उतरवू का? जाड ऑइल टाकू का? गळती बंद करायच्या बाटल्या मिळतात त्या चालतील का?"

अहो, इंजिनाला अजिबात हात लावू देऊ नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच शेवटच्या दोन ओळींत लिहून पाठवलंय आणि तेच तुम्हाला किरकोळ वाटलंय, त्याच्याकडे येतो.

आधी त्या मागच्या सीलचं बघू. तुमच्या गाडीत बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन आहे, १४८९ सीसी, मूळ मापात ७३ मिमी बोअर आणि ८८.९ मिमी स्ट्रोक, मॉरिस ऑक्सफर्डमधून आलेलं. एमजीए नावाची इंग्लिश स्पोर्ट्स कार होती तिच्यातही हेच. तीन मेन बेअरिंगचं इंजिन, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) तीन जागी टेकलेला. आणि ह्या तीन बेअरिंगवाल्या इंजिनाला मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, रबरी सील कंपनीने दिलेलंच नाहीये. मूळ रचनेतच नाही. रबरी सील आलं ते पुढे, पाच बेअरिंगच्या इंजिनात, एमजीएच्या नंतर आलेल्या एमजीबीच्या काळात.

मग ऑइल अडतं कशाने? क्रँकच्या मागच्या टोकाला एक कडा असते, थ्रोअर म्हणतात, ती ऑइल बाजूला भिरकावते. त्याच्या मागे क्रँकवरच उलटे आटे कापलेले असतात, आणि ते आटे एका गोल घरात फिरतात, घराला न घासता पण अगदी केसाएवढ्या फटीने, वरचं अर्धं घर ब्लॉकच्या बाजूला, खालचं अर्धं मागच्या मेन कॅपच्या (बेअरिंगला खालून धरणाऱ्या टोपीच्या) बाजूला. क्रँक फिरला की मागे सटकणारं ऑइल ह्या आट्यांवरून परत आत ढकललं जातं. म्हणजे तो एक पंपच झाला, सील नाही. इंजिन बंद केलं की हा पंपही बंद, त्यामुळे गरम गाडी उभी केल्यावर दोन-चार थेंब पडणं हे ह्या इंजिनाला जन्मापासूनचं आहे, नवीन गाडी शोरूममधून आणली तेव्हाही पडत असणार. जुन्या बुलेटवाल्यांना विचारा, ते म्हणतात गळत नसेल तर काळजी करा, ऑइल संपलं असेल.

तर मिस्त्रींनी बदललं काय, हा प्रश्न उरतोच. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, मागच्या टोकाला मेन कॅपच्या खाचेत कॉर्कची एक पट्टी बसते, कदाचित त्यालाच ते सील म्हणत असतील, किंवा बाजारात मिळणारं रबरी सीलचं कन्व्हर्जन बसवलं असेल तर ती वेगळी गोष्ट. भांडू नका, नुसतं म्हणा की काढलेलं जुनं सील दाखवा. काय दाखवतात त्यावरून पुष्कळ कळेल.

आता तुमची डिपस्टिक. डिपस्टिक आपण होऊन वर येत नाही हो, तिला खालून कोणीतरी ढकलतंय. पिस्टन-रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये जातोच, नव्या इंजिनात तर रिंगा बोअरला घासून बसेपर्यंत जरा जास्तच, त्या गॅसला बाहेर पडायला वाट लागते, ती वाट म्हणजे ब्रीदर. वाट बंद असेल तर आत प्रेशर साठतं, आणि ते प्रेशर मिळेल तिथून ऑइलला घेऊन बाहेर पडतं. आणि मागे तर काय, सीलच नाही, नुसते आटे, त्या बिचाऱ्या आट्यांनी ऑइल आत ढकलायचं आणि प्रेशरने बाहेर. कोण जिंकणार सांगा! इंजिन दहा वेळा उतरवलं तरी ब्रीदर बुजलेला असेल तर मागून गळणारच.

तुम्ही लिहिलंय झाकणं ब्लास्ट करून रंगवली. तिथेच मला शंका आली. ह्या इंजिनाला, तुमच्या शेजारच्या सीटच्या बाजूला, म्हणजे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड आहे त्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली पत्र्याची दोन झाकणं असतात, टॅपेटच्या पोकळीवरची, साइड कव्हर म्हणू. त्यातल्या पुढच्या झाकणाला एक पाईप जोडलेला असतो जो खाली रस्त्याकडे तोंड करून उघडा सोडलेला असतो, तो ब्रीदर. गाडी पळायला लागली की खालून जाणारा वारा त्यातून हवा ओढतो. दुसरी वाट वर, टॅपेट कव्हरवरून (हे इंजिनाच्या डोक्यावरचं मोठं झाकण, साइड कव्हर नव्हे) एअर क्लीनरला जाणारा होज. ब्लास्टिंगची वाळू, रंगाचा थर, रंगाऱ्याने तोंडात कोंबलेला कागद, गॅरेजमध्ये "धूर येतोय" म्हणून मारलेला लाकडी बुच, ह्यातलं मी सगळं बघितलंय. आणि सात-आठ वर्षं शेडमध्ये म्हणजे कुंभारमाशीचं घरटं तर ठरलेलं.

तपासणी फुकटात होते. इंजिन गरम करा, आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हलकी धरा, कडेने हाताने बंद करून. पिशवी जागेवर लुळी राहिली किंवा जराशी आत ओढली गेली तर ठीक. पुरीसारखी टम्म फुगली तर आत प्रेशर आहे. मग ब्रीदरचा पाईप आणि होज दोन्ही काढून तोंडाने फुंकून बघा (रॉकेलमध्ये धुऊन घ्या आधी, चव वाईट असते, अनुभव आहे). साफ करून परत लावा, परत पिशवी. पिशवी गप्प बसली म्हणजे चोर सापडला, नाही बसली तर मग कंप्रेशन घ्यायचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा, चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत, एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, वाढला तर रिंग. पण ६०० किलोमीटरवर लगेच रिंगांना दोष देऊ नका, त्या बसायला वेळ लागतो आणि नुसतं घरात उभी करून आयडलला चालू ठेवण्याने तर त्या कधीच बसत नाहीत, गाडीला जरा चढ द्या, जरा लोड द्या, मिनरल ऑइल ठेवा.

आता जळका वास. हा वास मागून येत नाही. मागचं ऑइल बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराच्या) खालच्या भोकातून सरळ जमिनीवर पडतं, त्याला जळायला काही नाही. जळतं ते जे गरम पाईपवर पडतं, आणि सायलेन्सरचा पाईप मॅनिफोल्डवरून उतरतो तो नेमका त्या साइड कव्हरच्या अंगाला. गाडी पळत असताना वास मागे उडून जातो, सिग्नलला थांबलात की बॉनेटखालून केबिनमध्ये. म्हणजे माझा अंदाज, पैज लावत नाही पण जवळजवळ: ब्रीदर तुंबलाय, त्या प्रेशरने साइड कव्हरच्या कॉर्कमधून ऑइल काढलंय आणि मागच्या आट्यांमधूनही. एकच रोग, दोन फोड.

पण अंदाजावर पाना उचलायचा नाही, बघायचं. ऑइल जिथे ठिबकतं तिथून गळत नसतं, हे एवढं एक डोक्यात ठेवा, ते वरून खाली उतरतं आणि वाऱ्याने पुढून मागे जातं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. माझ्या स्वतःच्या मार्क ३ ला बेल हाउसिंग ओलं, भोकातून थेंब, महिनाभर मीही मागचंच धरून बसलो होतो, गॅरेजवाल्याने तर इंजिन उतरवायची तारीखही दिली होती. एका रविवारी सगळं धुतलं, बायकोची टाल्कम पावडर आणली, तिला न विचारता, आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला चांगली फासली. दहा मिनिटं चालू ठेवलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, फायरवॉलच्या बाजूला जिथे मान वाकडी करून आरसा धरल्याशिवाय दिसतच नाही, तिथून एक रेघ निघाली, शेवयीएवढी बारीक, पांढऱ्यावर तपकिरी, हेडच्या मागून हळूहळू उतरली, ब्लॉकच्या कडेला थबकली, जाड झाली आणि बेल हाउसिंगवर घसरली. तीस-चाळीस रुपयांचं कॉर्क. पावडरीचा डबा मात्र नवीन आणून द्यावा लागला.

तुम्ही तसंच करा. थंड इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरला पिशव्या बांधून, मग कपड्याने पूर्ण कोरडं, रॉकेलचा वास जाईपर्यंत वाळू द्या, मगच पावडर. घाई केली तर पावडरीचा चिखल होतो. आधी उभ्या उभ्या दहा मिनिटं, बघा, मग पाच किलोमीटर फिरवून, बघा. चालू असतानाच धार येत असेल तर ऑइल प्रेशरच्या जागा, म्हणजे फिल्टर, ब्लॉकमधून फिल्टरकडे जाणारा बाहेरचा पाईप, त्याचे तांब्याचे वायसर, ऑइल प्रेशरचं युनिट. रेस केल्यावर वाढली तर नक्कीच. आणि रात्रभर सावकाश ठिबकत असेल तर चेंबर पॅकिंग, साइड कव्हर, ड्रेन प्लग.

फिल्टरचं एक खास सांगतो कारण ही चूक फार होते. तुमचा वाटीवाला फिल्टर असेल तर वरच्या हेडच्या खाचेत एक रबरी रिंग असते, जुनी रिंग कडक काळी होऊन खाचेत अशी चिकटते की ती रिंग आहे हेच कळत नाही, आणि तिच्यावरच नवी बसवली जाते. दोन रिंगा एकावर एक. आयडलला काही नाही, रेस केलं की पिचकारी. माझ्या ओळखीच्या एकाने कात्रजच्या घाटात निम्मं चेंबर असंच रस्त्याला दान केलं होतं. टोच्याने खाच खरवडून बघा.

इंजिन ऑइल की गिअरबॉक्सचं हा संशय राहिला तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा डाय मिळतो, तो फक्त इंजिनात टाका, थोडं फिरवा, आणि रात्री अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीने खाली बघा. भोकातला थेंब चमकला तर इंजिनाचा, नाही चमकला तर गिअरबॉक्सचा, वाद मिटला. खाली शिरताना मात्र स्टँड लावा, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून शिरायचं नाही म्हणजे नाही.

साइड कव्हर निघालंच तर बसवायचं कसं ते सांगतो, कारण इथे मिस्त्री लोक ताकद लावतात आणि घोटाळा करतात. प्रत्येक साइड कव्हरला मधोमध एकच बोल्ट. गळतंय म्हणून तो आवळला की पत्रा मध्ये खोलगट होतो आणि कडा उचलतात, मग अजून गळतं, मग अजून आवळतात. ह्याच घराण्यातल्या एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये टॅपेट कव्हरच्या नटांना ४ फूट-पाउंड आहे आणि ह्या साइड कव्हरला फक्त २. दोन फूट-पाउंड म्हणजे छोटा पाना दोन बोटांत धरून, बस्स. झाकण काचेवर पालथं ठेवून बघा, डुगडुगत असेल तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करा. कॉर्क बरेच दिवस दुकानात पडून आक्रसलेलं असतं, ते कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवलं की मापाला येतं. मग ते झाकणाला चिकटवायचं, ब्लॉकच्या बाजूला नाही, तिथे नुसता ग्रीसचा हात. मॅनिफोल्ड मध्ये येतो म्हणून मागच्या झाकणाचं काम कंटाळवाणं आहे, शिव्या येतील तोंडात, येऊ द्या.

आणि सिलिकॉन जपून. बाहेर जेवढा निळा-लाल शेव निघालेला दिसतो तेवढाच आतही निघालेला असतो, तो सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. शिवाय मागच्या थ्रोअरने फेकलेलं ऑइल चेंबरमध्ये परत जायची जी वाट असते ती सिलिकॉनने बुजवलेली मी बघितलीये, मग गळणार नाही तर काय. मिस्त्रींनी "ह्या वेळी डबल लावलंय, थेंब पडणार नाही" असं काही म्हटलं असेल तर मला भीतीच वाटते.

पुढच्या पुलीच्या मागे, टायमिंग कव्हरलाही नजर टाका. तिथे खरंच सील आहे. कव्हर बसवताना सगळे बोल्ट सैल ठेवून आधी पुली सीलमध्ये घालायची, कव्हर आपोआप मध्यावर येतं, मग आवळायचं. आधी आवळून मग पुली घुसवली तर सील एका बाजूला दबतं. पुलीच्या मानेवर नख फिरवा, खाच लागली तर नवीन सीलही टिकणार नाही, लेथवाल्याकडून पातळ स्लीव्ह चढवून घ्या.

तुमचे बाकीचे दोन प्रश्न. जाड ऑइल, म्हणजे किती जाड? २०डब्ल्यू-५० असेल तर ह्या इंजिनाला तेच योग्य आहे, कोणी मॉडर्न म्हणून पातळ सिंथेटिक टाकलं असेल तर बदलाच. त्याहून जाड नको, थंडीत सकाळी वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावेल. आणि डिपस्टिकवर मॅक्सच्या वर भरू नका, गळतंय म्हणून आधीच जास्त भरून ठेवणारे लोक आहेत, त्याने आटे बुडतात आणि अजून गळतं. बाटल्यांचं म्हणाल तर त्या रबर फुगवतात, मागे रबर नाही, तर फुगवणार काय? आट्यांना?

हे सगळं करून, ब्रीदर साफ, कव्हर कोरडी, पिशवी गप्प, डिपस्टिक जागेवर, आणि तरीही रात्रीत ताटलीएवढा डाग पडत असेल आणि डायने तो इंजिनाचा ठरला असेल, किंवा क्लच थरथरायला लागला असेल, तर मग उतरवा, मी नाही म्हणणार नाही. पण तेव्हा "सील बदला" म्हणून सोपवून येऊ नका, समोर उभं राहा आणि तीन गोष्टी बघून घ्या. क्रँक ग्राइंडिंगच्या वेळी मेन कॅप घासली होती का, कारण कॅप घासली की खालचं अर्धं घर वर सरकतं आणि ती केसाची फट एकीकडे बुजते, आटे घासले जातात. मागच्या मेन कॅपच्या जोडावर सीलंटचा पातळ हात आहे का, ऑइल त्या जोडातूनही चालत येतं. आणि बॅकप्लेटच्या मागचं पॅकिंग, ते बऱ्याचदा जुनंच ठेवतात कारण दिसत नाही.

दोन-चार थेंब मात्र राहतील, त्यासाठी खाली एक जुना ट्रे ठेवा. फरशीवर आत्ता डाग आहे त्यावर लाकडाचा भुसा पसरा, रात्रभर ठेवून झाडा, मग डिटर्जंटने घासा, शहाबादीत खोल गेलेलं पूर्ण निघत नाही पण आईंचा पारा उतरेल एवढं निघतं.

ब्रीदर साफ केल्यानंतर दोन रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, चाकांच्या खुणा करून, आणि त्याचा फोटो मला पाठवा. गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं तेवढा बाण पेनाने काढायला विसरू नका, मागच्या वेळी एकाने चार फोटो पाठवले आणि मी अर्धा तास बॅटरीच्या पाण्याकडे बघत बसलो होतो.